घरच्या संगणकावर लिनक्स: रोजच्या कामात कुठे अडतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत, एरवी धडधाकट असले तरी. अशा मशिनवर विंडोजऐवजी मिंट किंवा उबुंटू (लिनक्सचे मोफत मिळणारे प्रकार) टाकून निभतं का? 'मस्त' किंवा 'बेकार' एवढंच नको, काय अडतं आणि कसं सुटतं ते लिहा.

मशिनं बसवून देणारा:
ब्राउझर, मेल, यूट्यूब यांत काही अडत नाही. एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) मात्र हवीच, जुन्या हार्डडिस्कवर मिंटही रांगतं. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा बघा. झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, हेही बघा. ते कुणी बघत नाही. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड बरेचदा दिसतच नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा (फोनचं इंटरनेट संगणकाला द्या) आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. शेजारी विंडोज ठेवणार असाल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज पुरतं बंद होत नाही आणि लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर काही सेव्ह करता येत नाही.

झेरॉक्स-डीटीपीवाली:
सिस्टिम गुणी आहे, छळतो तो प्रिंटर. एचपी लेझरजेट १०२० घ्या. वीज गेली की त्यातलं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) पुसलं जातं, म्हणून दरवेळी चालू केल्यावर संगणकाने ते पुन्हा पाठवावं लागतं. त्यासाठी एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्ससाठीच्या प्रिंटर सॉफ्टवेअरचं) वेगळं प्लगइन लागतं, आणि दोघांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. उबुंटूची नवी आवृत्ती टाकली की एचपीलिप बदलतं, प्लगइन जुनंच राहतं. प्रिंट रांगेत दिसते, कागद हलत नाही. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'hp-plugin' ही कमांड चालवा, प्रिंटर बंद करून चालू करा. नवा घ्यायचा असेल तर एअरप्रिंटवाला (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापणारा) घ्या, ड्रायव्हरची भानगडच नाही.
वर्डच्या मराठी फाइलीत मंगल फाँट असला तर इथे बदली फाँट येतो, ओळी सरकतात, दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर जातो. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा.

हिशेबनीस:
टॅली विंडोजवरच चालते. जीव टॅलीत असेल तर एक विंडोज मशीन राहू द्या. डिजिटल सहीच्या टोकनला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, तेही आधीच बघून ठेवा.

शाळेची लॅब सांभाळणारा:
सिस्टिम गुणी खरी, पण अपडेटनंतर कधीतरी नुसती काळी स्क्रीन येतेच. चालू होताना एस्केप दाबा (जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरा), ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडा. बहुधा तेवढ्याने भागतं. टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या प्रती ठेवणारं साधन) पहिल्याच दिवशी चालू करा. मात्र ते सिस्टिम मागे नेतं, होम फोल्डरमधले फोटो आपणहून घेत नाही. फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.