शब्बाथ शाळेला माणसं मिळतात, टिकत नाहीत

शिक्षिका_नगर
जय ख्रिस्त. नगर जिल्ह्यातल्या एका गावात आमची मंडळी, म्हणजे चर्च. शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचे मुलांचे बायबलवर्ग, माझ्याकडे आहे. नाताळात कॅरलला पोरं-पोरी न बोलावता हजर, मध्यरात्र उलटली तरी घरोघर गात फिरतात. जानेवारीत वर्ग घ्या म्हटलं की कुणाचा क्लास, कुणाला शेतात पाणी द्यायचं. मे महिन्यात व्हीबीएस (सुट्टीतली मुलांची बायबल शाळा) आहे आणि शिकवायला माणूस नाही.

त्यात आमचे एक निवृत्त गुरुजी. कामाला वाघ. वाजवायची पेटी, हजेरी, खाऊ, कपाटाची किल्ली, सगळं त्यांच्याकडे. तरुणांच्या वाट्याला फक्त सतरंज्या. पाळकसाहेब म्हणतात, प्रार्थना करा. ती चालूच आहे हो!

तरुणसंघ_पुणे
ताई, नुसत्या सतरंज्या उचलायला मीही आलो नसतो. आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक पिकातलं, घरचं काही देवाला आणतात, त्याचा लिलाव कमिटीने तरुण संघाकडे सोपवला. भोपळे, अंडी, गावठी कोंबड्या, कुणी आणलेली ज्वारी. बोली आम्हीच पुकारायची, पैसे आम्हीच मोजायचे. कमिटीने शेवटी हिशोब तपासला, मधे कुणी नाक खुपसलं नाही. एक आजोबा आणि त्यांचे व्याही एका भोपळ्यावरून हट्टाला पेटले, तेही आम्हीच निस्तरलं. पुढच्या वर्षी कुणाला बोलवावं लागलं नाही.

तुम्हीही दोघादोघांना एकेक अख्खा वर्ग द्या. गोष्ट, गाणं, हस्तकला, कागद-रंगांचे पैसेसुद्धा. आणि ‘फक्त व्हीबीएसपुरतं’ असं स्पष्ट सांगा. कायमचं गळ्यात पडेल या भीतीनेच निम्मे पळतात.

सोलापूरचा_वडील
बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढा. पहिल्या मंडळीतल्या ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. बारा प्रेषितांनी माणसं कशी हवीत ते सांगितलं, निवड मंडळीवर सोडली. निवडलेली सात नावं बघा, स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला आधी गप्प बसवतात. तुमच्या वर्गांबद्दल सगळ्यात जास्त कोण बोलतं? आधी त्यांच्या घरी जा.

वसईकर
जय येशू. मी कॅथलिक, पद्धत थोडी वेगळी. आमच्या पॅरिशमध्ये मिस्साचं, म्हणजे उपासनेतलं, बायबलवाचन पाळीने असतं. नवीन मुलगी आदल्या दिवशी जुन्या वाचकासमोर मोठ्याने वाचते, रविवारी तो पहिल्या बाकावर बसतो. बस्स. गुरुजींना बाजूला करू नका, पेटी शिकायला दोन पोरं त्यांच्याकडे पाठवा. अजून एक, मुलांच्या वर्गावर मोठं माणूस एकटं कधीच ठेवू नका. दोघं असलेली बरी, आणि दार उघडं.

शिक्षिका_नगर
सगळ्यांचे आभार. काल गुरुजींशी बोलले. पेटी शिकवायला आनंदाने तयार, कपाटाची किल्ली द्यायला नाही. म्हणून व्हीबीएसचं सामान माझ्या घरी ठेवतेय. सर्वात जास्त बोलणाऱ्या काकू आमच्याच गल्लीत राहतात. त्यांना लहान गट दिला, तर त्यांनी आधी खाऊची यादीच बदलली. चालेल.

आता पुण्याच्या भावाला विचारते, कागद-रंगांचे पैसे आधीच हातात द्यायचे की बिलं आल्यावर? आमचे खजिनदार आत्ताच नाक मुरडतायत.