सायक्लोथॉनचे दीड लाख नकोत, पंक्चरचे पैसे कुठून आणायचे ते सांगा

मळ्यातल्या बाई (मूळ धागा)

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही बावीस जणी आठवड्यातले पाच दिवस पहाटे साडेपाचला शाळेच्या पटांगणावर जमतो आणि पाऊण तास सायकल चालवतो. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. नऊ जणींना साखर आहे, सहा जणींना बीपी. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा गोठ्यात पडलेल्या पाच सायकली गोळा करून हे सुरू केलं. आज अकरा आहेत. निम्म्या जणी आधी चालवतात, बाकीच्या तोवर चालतात, मग अदलाबदल. आता चार जणी मळ्यातून गावात सायकलनेच येतात.

गेल्या महिन्यात शीतपेयांच्या एका वितरकाकडून निरोप आला. दीड लाख देतो म्हणाले. अट अशी, की एका रविवारी तीनशे जणांचं सायक्लोथॉन घ्यायचं, अंगात त्यांचे टी-शर्ट घालायचे आणि शेवटी सगळ्यांना त्यांची गार बाटली वाटायची. ज्या बायकांना मी चहात साखर घालू नका म्हणून वर्षभर विनवते आहे, त्यांच्याच हातात ती बाटली द्यायची. मी नाही म्हणाले. गावातले दोन कारभारी अजून माझ्यावर नाराज आहेत.

माझ्याकडे वही आहे. गेल्या वर्षात पंक्चर आणि ट्यूब यांना ४,१०० रुपये लागले, टायर, चेन आणि ब्रेकची रबरं यांना ५,३००, साखर तपासायच्या पट्ट्यांना ५,२००. एकूण १४,६००. म्हणजे त्या एका रविवारच्या पैशात आमची दहा वर्षं निघाली असती. पण एक चाक फिरतं ठेवायला लागणारे हे पैसे कोणी देत नाही. सायकल दिली की फोटो निघतो, ट्यूबचा कोण काढणार?

माझं मत स्पष्ट आहे. अशा कामाने मोठ्या देणगीच्या मागे लागूच नये. दुरुस्तीचा खर्च आधी गावातून उभा करावा, मग बाकीचं बघावं.

हिशेबनीस, सांगली

बाई, बाटली नाकारलीत ते शंभर टक्के बरोबर. पण त्यावरून ‘मोठी देणगीच नको’ हा निष्कर्ष मला पटत नाही. मी वीस वर्षं संस्थांचे हिशेब बघतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. कामांच्या यादीत ‘प्रतिबंधात्मक आरोग्य’ असा शब्द आहे. तुमचं काम त्यात चपखल बसतं. कंपनी जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो.

अडचण कागदांची आहे. असा पैसा (याला सीएसआर म्हणतात) घेणाऱ्या संस्थेकडे नोंदणी, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी ही प्रमाणपत्रं, सीएसआर-१ हा क्रमांक आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्याकडे यातलं काही नसणार. मग तालुक्यातल्या एखाद्या जुन्या, नोंदणीकृत संस्थेचा उपक्रम म्हणून उभे राहा. तुमची वही त्यांच्या लेखापरीक्षणात जाईल. आणि प्रस्तावात ‘सायकल खरेदी’ लिहू नका, ‘तीन वर्षांची देखभाल आणि तपासणी’ लिहा. पैसे मोठे असले म्हणून वाईट नसतात, कशासाठी मागितले यावर सगळं आहे.

घाटावरचा सायकलस्वार, पुणे

मी बाईंच्या बाजूने. २०१७ च्या डिसेंबरात आमच्याकडे मोबाईलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. रंगीबेरंगी, हजारोंच्या संख्येने. कौतुकाने मीही फिरलो. दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. कुठे सीट गायब, कुठे चाक, एक तर मी स्वतः कालव्यात पडलेली पाहिली. पैसा कमी नव्हता. त्या सायकली आपल्या आहेत असं कोणाला वाटलंच नाही. तुमच्या अकरा सायकलींपैकी एकीची चेन उतरली तर बावीस जणींना कळतं, हे दीड लाखाने विकत मिळत नाही.

आशा, जत तालुका

मला दोघांचंही पटत नाही. राग मानू नका, पण ‘आधी गावातून दुरुस्ती उभी करा’ हे बागायती गावात शोभतं. मी आशा सेविका, माझ्याकडे तीन वस्त्या आहेत, शेवटची साडेचार किलोमीटरवर. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरून बीपी-साखरेच्या तपासणीला पाठवायचं काम माझं. बाई म्हणते, “ताई, उपकेंद्रात येऊ कशी?” तिथे सायकलच नाही, तर पंक्चर कशाचं काढायचं?

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. फार चांगली योजना. पण मुलीच्या आईला कोण देणार? तिची साखर ४५ व्या वर्षी निघते, तेव्हा ती कुठल्याच योजनेत बसत नाही. माझ्यासारखीला कोणी शंभर सायकली देऊन फोटो काढला तरी मी काढू देईन. बाटली नको, एवढं मात्र मीही सांगेन.

पान्हा

माझं तालुक्याच्या गावी सायकलचं दुकान आहे, वडिलांपासून. वाटलेल्या सायकली माझ्याकडे येतात ना, त्या बघून जीव तुटतो. स्वस्तातली रिंग, सहा महिन्यांत आऊट जाते, म्हणजे वाकडी होते. फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकतीत, ग्रीस नाही, पावसाळा संपला की तिच्या आतली कुत्री (चाक पकडणारे छोटे खटके) अडकतात, पायडल नुसतं गरगर फिरतं आणि चाक जाग्यावर. दुरुस्ती फार नसते, पण सायकल दुकानापर्यंत आणणार कोण? मग ती भिंतीला लागते.

बाई, तुमच्या दुरुस्तीतले बरेच पैसे वाचतील. सायकल नवी आली की वापरायच्या आधीच दोन्ही एक्सलच्या गोळ्यांना नीट ग्रीस घाला. बाभळीचे काटे असतील तर टायरच्या आतून जुन्या टायरची पट्टी कापून लावा. चेनकव्हर पूर्ण हवं, पदर त्यातच जातो. आणि गुडघे दुखतात म्हणून कोणी सोडलं असेल तर आधी सीट बघा. शिकताना पाय टेकावेत म्हणून खाली केलेली असते, ती वर करायचं राहून जातं.

माझं मत विचाराल तर दोन पोरींना पंक्चर काढायला शिकवायचे पैसे मागा. बाकी सगळं त्यामागून येतं.

चेन्नईतला सोलापूरकर

सरकारला यातून सोडू नका. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत बायकांना सायकल शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते मनावर घेतलं होतं. एक लाखाहून जास्त बायका शिकल्या. शेतमजूर, खाणकामगार, परिचारिका. सायकल घ्यायला बँकांनी कर्ज द्यावं म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनीच पाठपुरावा केला. देणगी नव्हे, कर्ज! बायकांनी फेडायच्या बोलीवर सायकली घेतल्या. बावीस जणींची वही चांगलीच, पण जिल्ह्याचा हात लागला की आकडा लाखात जातो.

मळ्यातल्या बाई

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

आशाताई, तुमचं लागलं मनाला. माझ्या गावात पाच सायकली गोठ्यात तरी होत्या, हे मी विसरले. तुमच्या वस्तीसाठी सायकली मागणं चूक म्हणायचा मला अधिकार नाही. तरी एक सांगते, शंभर घेऊ नका. वीस घ्या आणि राहिलेल्या पैशात पाच वर्षांची दुरुस्ती लिहून घ्या.

सोलापूरकर, कर्जाचा मुद्दा मला पटला. आमच्या बचत गटात मी तो मांडणार आहे. पण जिल्हाधिकारी बदलले की मोहीम थांबते, हेही मी नोकरीत खूप वेळा पाहिलं आहे.

हिशेबनीसदादा, इथे मात्र मी तुमच्याशी अजून सहमत नाही. मोठ्या संस्थेच्या छत्राखाली गेलो की पहाटे साडेपाचला हजेरीपत्रक येईल, मग सहामाही अहवाल, मग ‘साखर किती टक्के उतरली’ हा रकाना. आमच्या बायका गोळ्या घेतात, जेवण सांभाळतात, सायकल चालवतात. यातलं कशाने किती उतरलं हे मी सांगू शकत नाही, आणि खोटं लिहिणार नाही.

हिशेबनीस, सांगली

खोटं लिहू नकाच. ‘किती जणी, किती दिवस, किती मिनिटं’ एवढंच लिहा. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आहे. तुमच्या पाऊण तासात निम्मी सायकल आणि निम्मं चालणं असलं, तरी पाच दिवसांचे २२५ मिनिटं होतात. याहून चांगला अहवाल मी फार थोड्या संस्थांकडे पाहिला आहे. छत्राला घाबरू नका बाई. तुम्ही थकलात तर ही वही पुढे कोण चालवणार, याचं उत्तर मला त्यात दिसतं.

तोवर जवळचा पैसा बघा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी ठेवावे लागतात. बहुतेक ठिकाणी ते भांड्यांवर आणि खुर्च्यांवर जातात. गाव आरोग्य समितीलाही दरवर्षी अबंधित निधी असतो, म्हणजे कुठल्या एका कामाला बांधून न दिलेला. साखरेच्या पट्ट्यांसाठी आधी उपकेंद्रात विचारा, तपासणी तिथे मोफत व्हायला हवी.

मळ्यातल्या बाई

त्या १० टक्क्यांचं मला माहीत नव्हतं. आज दुपारी ग्रामसेवकांना विचारलं, तर ते म्हणाले, यंदाचे अजून खर्ची पडलेले नाहीत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला आहे. मागणी दोनच ओळींची: अकरा सायकलींची वर्षाची देखभाल आणि दोन मुलींना दुरुस्तीचं शिक्षण. बावीस सह्या झाल्या. तीन जणींनी अंगठा न लावता पहिल्यांदाच सही केली, एकीने तर कागद मांडीवर घेऊन तीनदा गिरवली आधी.

छत्राचं नंतर बोलू, दादा. पान्हावाले भाऊ, मुली दोन आठवडे तुमच्या दुकानी आल्या तर चालेल का? येण्याजाण्याचं आम्ही बघतो. आणि सीट वर करून पाहिली. एकीचा गुडघा तीन दिवस गप्प आहे.