आंब्याने तार गिळली, माडाने का नाही?

परसदार: आमच्या परसात आंबा आणि माड शेजारीशेजारी. सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी दोघांमध्ये कपडे वाळत घालायला तार बांधली. आंब्याकडचा वेढा आता सालीत गाडला गेलाय, त्याच्या वरच्या अंगाला जाड फुगवटा आलाय. माडावरचा वेढा मात्र बांधला तसाच, चढायला पाडलेल्या खाचाही उघड्याच. असं का? आणि तार ओढून काढू का?

कलमवाला: ताई, ओढू नका, साल फाटेल.

पावसात आंब्याची कोवळी फांदी सोलून बघा. साल सुटते तिथे बुळबुळीत लागतं, तोच कँबियम, खोड जाड करणारा पातळ पापुद्रा. तो आतल्या बाजूला लाकूड घालतो आणि बाहेरच्या बाजूला अन्न वाहणारी साल. लाकूड कितीतरी जास्त, म्हणून खोड जाड होतं. उंची फक्त शेंड्याला वाढते, त्यामुळे तुमची तार आहे त्याच उंचीवर राहिली.

आमचा धंदाच या पापुद्र्यावर चालतो. कलमकाडी, म्हणजे जोडायची फांदी, खुंटापेक्षा, म्हणजे ज्या रोपावर ती जोडतो त्याच्यापेक्षा, बारीक असली तर ती मधोमध बसवत नाही, एका कडेला सरकवतो. निदान एका बाजूला तरी कँबियमला कँबियम भिडला पाहिजे, नाहीतर काडी सुकलीच म्हणून समजा. नवी पोरं मधोमध बसवतात, दिसायला छान दिसतं म्हणून! आणि काडीने जीव धरल्यावर जोडावर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी वेळेत सोडली नाही, तर रोपाचीही तुमच्या आंब्यासारखीच गत होते.

फुगवटा वरच्याच अंगाला, कारण पानांत तयार झालेली साखर सालीतून खाली मुळांकडे जाते. तारेने वाट आवळली की ती वर साचते. पाणी आतल्या लाकडातून चढतं, म्हणून शेंडा हिरवा दिसतो.

माडाला कँबियमच नाही. त्याच्या वाहिन्या खोडभर जुडग्यांनी विखुरलेल्या. खोडाची जाडी बुंध्याशीच जवळजवळ ठरते, मग तो नुसता वर जातो. खाच भरून काढायला त्याच्याकडे काही नाही.

वखारवाला: परसातला आंबा कापायला आला की आम्ही आधी खिळे-तारा शोधतो. वरून काही दिसत नाही, करवतीचे दात जातात.

परसदार: वेढा सगळा गाडला गेला नाहीये, मागे वीतभर दिसतोय.

कलमवाला: मग तेवढाच तुकडा पक्कडीने कापून घ्या, आवळ सुटेल. गाडलेली तार राहू द्या. वरची आणि खालची साल तिच्यावरून एकमेकींना भिडली की वाट पुन्हा सुरू होते. नवी तार बांधायची तर माडालाच बांधा, दुसऱ्या टोकाला खांब पुरा.