खरेदी सोपी झाली, आता हप्त्यांकडेही बघा

काही जण म्हणतात की सरकारी प्रयोगशाळांच्या खरेदीची मर्यादा वाढवली, आता संशोधकांनी कुरकुर करू नये. निम्मं पटलं. जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या वैज्ञानिक संस्थांसाठी विनाकोटेशन खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली, खरेदी समितीची १० वरून २५ लाख, आणि खास उपकरणं, रसायनं जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलबाहेरून घ्यायची मुभा दिली. हे खरंच मोठं काम झालं. 'सर्वात कमी दर' म्हणून आलेलं एन्झाइम मी वापरलंय. प्रयोग फसला, जेलवर एकही पट्टा उमटला नाही, तीन आठवडे पाण्यात गेले.

पण संशोधन अनुदानाच्या हप्त्यांचं काय? उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि ते एका सहीसाठी लेखा विभागात पडून राहतं. आमच्या प्रकल्पातल्या मुलीला पाच महिने फेलोशिप मिळाली नव्हती. खोलीचं भाडं ती घरून मागवायची, तरी सकाळी नऊला पेशींचं माध्यम बदलायला हजर. हिशेब कडक मागा, मागायलाच हवा. फक्त विद्यावेतन उपकरणांच्या हप्त्यापासून वेगळं काढा आणि त्या कागदासाठी अडवू नका.