शेजारच्या कूपात सागवान लावणारेत, मोह-टेंभुर्णी कशी वाचवायची?

झाडीतला_पोरगा:
राम राम मंडळी. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागूनच. यंदा बाजूच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, कटाई करून सागाचं रोपवन करणार म्हणतात, तोडायच्या झाडांवर मार्किंग सुरू पण झालंय. त्या कूपात मोह आहे, टेंभुर्णी, चार (चारोळीचं झाड), ऐन, धावडा सगळं आहे आणि मधून नाला जातो, त्याला एप्रिलपर्यंत पाणी असतं. माझी आई मार्चमध्ये पहाटे चारला टोपली घेऊन मोह वेचायला निघते, त्या पैशावर आमच्या घरचं बियाणं येतं. पलीकडं आधी असंच रोपवन झालंय, तिथं आता सागाशिवाय काही नाही. लाकूड नकोच असं आम्ही म्हणत नाही, पण सगळंच साफ करायलाच पाहिजे का? मागायचं काय आणि कोणाकडं?

माजी_वनरक्षक:
मार्किंग चालू आहे म्हणजे अजून वेळ आहे भाऊ, उशीर करू नका. नाल्याच्या दोन्ही काठांचा पट्टा जसा आहे तसा सोडा म्हणून सांगा, लेखी. सागाचं पान मोठं, त्यावर पाऊस साचून जाड थेंब खाली पडतो, आणि खाली गवत-पाला जळून गेला असेल तर तोच थेंब माती उचलतो. जळालेल्या सागवानात पहिल्या पावसानंतर फिरलोय मी, मुळं उघडी पडलेली असतात आणि नाला लाल. अजून एक, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला जाळू नका. आग रोपवनात शिरली की गावावर येतं. झाडाखाली जाळी बांधा, जुनी लुगडी अंथरली तरी फुलं स्वच्छ मिळतात.

पक्षीवेडी:
सागाचं झाड वाईट नाही हो, एकाच वयाचा नुसता साग वाईट. रानपिंगळा, हे एक छोटं घुबड, १९९७ ला शहाद्याजवळ परत सापडला तो सागाच्याच रानात, पण त्याला घरट्याला ढोली लागते आणि ढोली जुन्या झाडालाच असते. धनेशाचं पण तेच. म्हणून पोकळ, वाकडी, वाळलेली झाडं लाकडाच्या कामाची नाहीत म्हणून तोडू देऊ नका, तीच राखायची.

ग्रामसभा_कुरखेडा:
सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क, मिळालाय का तुमच्या गावाला? नसेल तर आधी दावा टाका. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ५ वाचा, वन, वन्यजीव, जैवविविधता आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. कागद नाहीत म्हणून घाबरू नका, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा धरतात. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये हक्क मिळाला आणि २०११ ला त्यांनी स्वतःच्या पासवर (वाहतूक परवान्यावर) बांबू विकला. कूपाचा ठराव घेताना बायकांना पुढं बसवा, कुठल्या झाडाखाली किती फुलं पडतात हे त्यांनाच माहीत असतं, पुरुष नुसते अंदाज सांगतात.

झाडीतला_पोरगा:
खूप आभार सगळ्यांचे. दावा अजून टाकलेला नाही, वनहक्क समिती आहे पण बसतच नाही. रविवारी ग्रामसभा बोलावतोय. त्याआधी आई आणि तिच्यासोबतच्या चौघी मोहाची झाडं मोजायला जाणार आहेत, मी मागं वही घेऊन.