ज्येष्ठांसाठी सप्लिमेंटचं किट मागवायचं का?

शुभांगी, बी-404: नमस्कार मंडळी. ज्येष्ठ नागरिक कट्ट्यातर्फे मल्टिव्हिटॅमिन, ओमेगा-3 आणि व्हिटॅमिन डी3च्या पुड्या असं किट एकत्र मागवायचा विचार आहे. सूट मिळेल. नावं कळवा.

जोशीकाका, ए-102: आमची दोघांची घाला. डी3 मात्र आहे घरात, वर्षभर दर रविवारी दुधातून घेतोय.

मीनल (आहारतज्ज्ञ), सी-301: काका, 60,000 युनिटची पुडी का? मग पुढची घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ती सहसा आठवड्याला एक अशी 8 आठवडे देतात, मग डोस कमी करतात. जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं. रक्तात कॅल्शियम वाढलं की मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, पुढे किडनीला त्रास.

जोशीकाका: बद्धकोष्ठता आहे खरी.

मीनल: मग डी आणि कॅल्शियम दोन्ही लगेच तपासून घ्या.
शुभांगीताई, राग मानू नका, पण सगळ्यांना सरसकट एकच किट नको. अमेरिकेत 25,871 जणांवर पाचेक वर्षं अभ्यास झाला, निम्म्यांना रोज 2,000 युनिट डी दिलं. 2018 मध्ये निकाल आला, कॅन्सर आणि हार्ट अटॅकचं प्रमाण काही कमी झालं नाही. कमतरता असेल त्यांना मात्र द्यायलाच हवं.
आपल्याकडे मला जास्त काळजी व्हिटॅमिन बी12ची वाटते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या 2006च्या अभ्यासात 441 पुरुषांपैकी 67 टक्क्यांचं बी12 कमी निघालं. शाकाहारात ते दूध-दह्यातूनच मिळणार. त्यात डायबेटिसची मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असली की आणखी घटतं. पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं! हे ऐकून फार वाईट वाटतं. वेळेवर गोळ्या-इंजेक्शनं मिळाली तर सुधारतं, उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

फर्नांडिस अंकल, बी-201: नातीने स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाची पावडर, आणून दिलंय. त्यात बी12 असतं म्हणे.

मीनल: अंकल, त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला वापरता येत नाही. तुमची अंडी आणि बांगडे चालू ठेवा.

वैशाली, ए-503: सासूबाई रात्री नुसता मऊ भात खातात. प्रोटीन पावडर देऊ का?

मीनल: आधी ताटातून बघू. किडनीचा त्रास नसेल तर या वयात वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅम तरी प्रोटीन हवं. वाटीभर पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम असतं. त्याच मऊ भातात मुगाची डाळ भाताच्या बरोबरीने घाला. सकाळी मुगाच्या धिरड्यावर पनीर किसा, दुपारचं वरण घट्ट ठेवा. आणि हो, हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस करायला लावा, सुरुवातीला तुम्ही शेजारी उभ्या राहा. स्नायूंना काम नसेल तर नुसत्या प्रोटीनने ताकद येत नाही.

शुभांगी: मग किट राहू दे. त्याऐवजी क्लबहाऊसमध्ये रक्ततपासणीचा कॅम्प ठेवू?

मीनल: नक्की ठेवा! बी12, डी, कॅल्शियम, हिमोग्लोबिन आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी लॅबवाल्यांना आधी सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.