स्कॅनर आला म्हणून मिस्त्री संपला का?

मानकापूरकर :
१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक निकष लागू झाले, नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार होऊन त्याजागी इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणा आली आणि तेव्हापासून गल्लीतल्या मिस्त्रीचे दिवस भरल्याचे नागपुरात सर्रास ऐकू येते. मला हे पटत नाही. मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो आहे तो तंत्रज्ञानामुळे नव्हे, तर कंपन्यांनी माहिती आणि सुटे भाग कुलूपबंद ठेवल्यामुळे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दलच. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या.

महालकर :
सगळे खापर कंपन्यांवर फोडणे सोयीचे आहे. माझ्या गाडीचा बिघाड दाखवणारा चेक लाइट लागला, तेव्हा गॅरेजमध्ये गाडीतल्या संगणकाचे कोड वाचणारा स्कॅनर होता आणि त्यावर पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा कोडही आला. मिस्त्रीने मागचापुढचा विचार न करता ऑक्सिजन सेन्सर बदलला, पैसे घेतले आणि आठवडाभरात लाइट पुन्हा लागला. दुसऱ्या गॅरेजमधल्या वयस्क मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या रबरी नळीवर क्लीनरचा फवारा मारला. फवारा एका ठिकाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलला आणि नळीची चीर सापडली. पहिल्याकडे यंत्र होते, शिकण्याची तयारी नव्हती.

सक्करदरावासी :
महालकर भाऊ, चीर सापडली ती जुन्या हाताला, हे तुम्हीच सांगता आहात. कोड फक्त तक्रार सांगतो, कारण माणसालाच शोधावे लागते. माझे स्वतःचे गॅरेज आहे, म्हणून यंत्राचीही बाजू सांगतो. इंजिनाचे कोड वाचणारा साधा रीडर स्वस्तात मिळतो. पण ब्रेकची एबीएस यंत्रणा, एअरबॅग किंवा नव्या चावीचे प्रोग्रामिंग म्हटले की महागडे यंत्र लागते, त्याच्या अपडेटसाठी दरवर्षी पुन्हा पैसे भरावे लागतात आणि इतके करूनही काही गाड्यांत नवा भाग कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालतच नाही. एवढा खर्च भागवण्याइतक्या गाड्या माझ्यासारख्याकडे रोज येत नाहीत.

हिंगणेकर :
मी आयटीआयमध्ये शिकवतो. पेट्रोल गाड्यांपुरता वाद ठीक आहे, परंतु इलेक्ट्रिक मोटारीत बॅटरीचा दाब ३०० ते ४०० व्होल्टच्या घरात असतो. हा दाब वाहून नेणाऱ्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढणे, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबणे, मीटरने शून्य दाब तपासणे आणि हे सर्व इन्सुलेटेड हातमोजे घालून करणे भाग असते. उस्तादाच्या हाताखाली चुकत-माकत शिकण्याची आपली जुनी पद्धत इथे जिवावर बेतेल. याउलट ४८ व्होल्टच्या ई-रिक्षांचे कंट्रोलर, थ्रॉटल आणि जळालेले कनेक्टर आपल्याकडे रस्त्याकडेलाच दुरुस्त होतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, हे ग्राहकाला बजावतो तोही तिथलाच मिस्त्री. त्यामुळे सर्व इलेक्ट्रिक वाहने त्याच्या आवाक्याबाहेर आहेत, असे मी म्हणणार नाही.

महालकर :
मग घराच्या वायरिंगसाठी वायरमनला परवाना लागतो, तसा मोटारीच्या बॅटरीचे झाकण उघडणाऱ्यालाही का नको? परवाना नसलेल्याच्या हाती माझी इलेक्ट्रिक गाडी मी तरी देणार नाही.

मानकापूरकर :
परवान्याला माझा विरोध नाही. मात्र परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा आणि बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या बीएमएस यंत्रणेचे कोड वाचण्याची मुभा कंपनीने रास्त दरात दिली पाहिजे, हे त्याच नियमात लिहा. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण पोर्टलवर सेवा केंद्राचा पत्ता मिळाल्याने सक्करदऱ्यातल्या गॅरेजचे काम भागत नाही.

सक्करदरावासी :
तसा नियम झाला, तर परीक्षेला मी स्वतः बसेन. फक्त ती मराठीत घ्या आणि वर्ग रात्रीचे ठेवा. दिवसा गॅरेज बंद ठेवणे मला परवडणारे नाही.